आधी पेन्सिल, मग डिंक

मेढ्याच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरात गेलात, तर सोप्यातल्या नाहीतर माजघरातल्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, पुढं झुकलेली तसबिरींची रांग दिसेल. आधी देवादिक, मग हार घातलेले आजोबा आणि त्यांच्या शेजारी एक मोठी काचेची चौकट. या चौकटीत एकाच पुठ्ठ्यावर पंधरा-वीस फोटो दाटीवाटीनं बसवलेले असतात. मुंबईच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढं उभा राहिलेला तरुण, नवं लुगडं नेसून खुर्चीवर ताठ बसलेली त्याची बायको, लंगोट लावून दंड फुगवलेला पैलवान, शाळेचा ग्रुप फोटो, कुठल्याशा अर्जातून उरलेला पासपोर्ट आकाराचा चेहरा. घराचा सगळा इतिहास त्या एका काचेमागे असतो. फक्त तो वाचून दाखवणारं माणूस घरात असावं लागतं. ‘हे कोण?’ असं विचारलं, तर तीन-चार चेहऱ्यांची नावं चटकन सांगितली जातात. पाचव्यापाशी सांगणारा थबकतो आणि म्हणतो, ‘असतील कुणीतरी मुंबईचे पाहुणे.’

हे घरोघरी होतं. पण जावळी तालुक्यात ते जास्त बोचतं, कारण इथल्या घरांची आठवण एका जागी राहिलेलीच नाही. वेण्णेच्या काठचा मेढा हे तालुक्याचं मुख्य ठिकाण. साताऱ्याहून केळघरच्या घाटानं महाबळेश्वरला जाणारा रस्ता इथूनच जातो. शेती डोंगरउताराची आणि तुकड्या-तुकड्यांची, पाऊस उदंड पण चार महिन्यांचा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक-दोन माणसं मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागलं, कुणी गोदीत, कुणी माथाडी म्हणून बाजारात. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत अनेकांनी उमेदीची वर्षं काढली. १९८२च्या संपानंतर यातली कित्येक बिऱ्हाडं पुन्हा हलली. दुसऱ्या बाजूला धरणं आली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयनेचं पाणी अडलं आणि आज ज्याला आपण शिवसागर म्हणतो, त्याच्या तळाशी पाटण, जावळी आणि महाबळेश्वर भागातली गावं गेली. माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. पुढे वेण्णेवरही कण्हेरचं धरण झालं.

म्हणजे एकाच घराण्याचे फोटो चार ठिकाणी आहेत. काही मेढ्याच्या भिंतीवर, काही मुंबईच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, काही पुनर्वसनाच्या गावातल्या आत्याकडे आणि अलीकडचे सगळे नातवंडांच्या मोबाइलमध्ये. ते एकत्र आणून, त्यांच्यापुढं नावं लिहून एक वही करायची, एवढंच आज सुचवायचं आहे. शाळेत आपण सगळ्यांनी केली ती चिकटवहीच, पण या वेळी घराण्याची.

चिकटवह्या का अडतात?

अशी वही करायचं मनात अनेकांच्या येतं. सुरुवातही होते. दुकानातून जाड पानांची वही येते, डिंकाची बाटली येते. पहिल्या पानावर सहा फोटो चिकटवले जातात, दुसऱ्यावर आठ. तिसऱ्या पानावर लक्षात येतं की लग्नाचा मोठा फोटो मावत नाही, नाव लिहायला जागा उरलेली नाही आणि आजीचा एकमेव फोटो कोपऱ्यात वाकडा बसला आहे. तो काढायला जावं तर पाठीमागचा कागद सोलून निघतो. मग वही कपाटात जाते आणि चार पानं भरलेली, चाळीस कोरी, अशी पुढच्या साफसफाईपर्यंत पडून राहते.

यात हौस कमी पडलेली नसते. काम उलट्या टोकानं सुरू झालेलं असतं. डिंक हा शेवटचा पदार्थ आहे, पहिली लागते पेन्सिल. पान कसं दिसणार याचा छोटासा कच्चा आराखडा आधी काढायचा. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी, मथळ्याच्या जागी एक जाड रेघ, मजकुराच्या जागी चार बारीक रेघा. झाला आराखडा. याला चित्रकला यावी लागत नाही, चौकोन काढता आला की पुरे.

परदेशात या छंदाचा मोठाच व्याप झाला आहे. ‘टॉम सॉयर’चा लेखक मार्क ट्वेन हा कात्रणं चिकटवण्याचा भारी शौकीन होता. खळ आणि डिंक यांच्या राड्याला कंटाळून त्यानं पानांवर आधीच गोंद लावलेली वही काढली आणि १८७३ साली तिचं पेटंटही घेतलं. टपालाच्या तिकिटासारखं पान ओलं करायचं आणि कात्रण लावायचं. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत घरच्या फोटोंच्या वह्या करणाऱ्यांची लाट आली. त्या हौशी मंडळींत असे आराखडे एकमेकांना देण्याची रीत पडली. एकीनं चौकटी आखून द्यायच्या, दहाजणींनी त्यात आपापले फोटो बसवायचे. आराखडा एकच, पण पानं दहा घरांची.

आपली जुनीच ओळख

आपल्याला मात्र ही रीत परकी वाटायचं कारण नाही. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरं काय? ‘१५ ते ८’ एवढं सांगितलं की मधल्या ओळीत पंधरा ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत आठापर्यंत, हे दारात बसलेल्या मुलीला न सांगता कळतं. ठिपके शेजारणीच्या वहीतले असतात, पण रंग तिचे असतात. भरतकामाचंही तसंच. टाचणीनं भोकं पाडलेला कागद कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं फिरवली की वेलबुट्टी उमटते. तोच कागद सगळ्या आळीत फिरायचा, तरी दोघींच्या चादरी एकसारख्या कधी झाल्या नाहीत. पोथ्या लिहिणारेही आधी पान आखून घेत. दोरे ताणून बसवलेल्या पाटीवर कागद ठेवून दाबला की ओळींच्या खुणा उमटत, दोन्ही बाजूंना समास सुटे आणि मगच लेखणी दौतीत बुडे.

वृत्तपत्राचं पानही याला अपवाद नाही. बातम्या आणि छायाचित्रं कुठं बसणार याचा कच्चा आराखडा आधी काढतात. त्याला या धंद्यात ‘डमी’ म्हणतात. मुख्य छायाचित्र किती कॉलमांचं, मथळा किती ओळींचा, हे त्यावर आधी ठरतं. डमी काढताना उपसंपादकाला एक प्रश्न टाळता येत नाही, तो म्हणजे आज सगळ्यांत महत्त्वाचं काय? घरच्या चिकटवहीतही तोच प्रश्न प्रत्येक पानाला विचारायचा असतो.

प्रत्यक्ष कसं करावं?

मुलांची चौकटींची गणिताची वही घ्या. तिच्यातला एक चौकोन म्हणजे पानावरचा एक इंच असं धरा. समजा, तुमच्या चिकटवहीचं पान १० इंच रुंद आणि १२ इंच उंच आहे. शिलाईच्या बाजूला एक इंच आणि बाकी तिन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच समास सोडला की साडेआठ बाय ११ इंचांची जागा हातात राहते.

आता फोटोंचे आकार बघा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो साधारण ६ बाय ४ इंचांचा. आग्फाच्या ‘क्लिक थ्री’ कॅमेऱ्यानं ज्यांच्या घरी फोटो काढले गेले, त्यांच्याकडं सव्वादोन इंची चौकोनी छोटे फोटो हमखास निघतील. १२० नंबरच्या एका रोलात असे बारा फोटो निघत. पोस्टकार्ड आकाराचा एक फोटो वर आडवा ठेवा. त्याच्या उजवीकडं अडीच इंचांची उभी पट्टी उरते, तिथं साल आणि गाव. खाली अर्धा इंच सोडून तीन चौकोनी फोटो पाव-पाव इंचाच्या अंतरानं एका ओळीत बसवा. त्यांना सव्वासात इंच लागतील. म्हणजे वरून पावणेसात इंच संपले आणि खाली चार इंचांहून थोडी जास्त जागा नावांना आणि मजकुराला मोकळी राहिली. पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लिहिण्यासाठी, हे प्रमाण शक्यतो मोडू नये.

हा एकच आराखडा चार वेळा वापरता येतो. उजवी-डावी बाजू बदला, मग वही उलटी धरून बघा, मग उलटी धरून पुन्हा बाजू बदला. चार पानं वेगवेगळी दिसतात आणि तरी एका घरची वाटतात. तीन चौकोनांच्या जागी एक लांबट फोटो आला तरी बिघडत नाही.

आराखडे शोधायला लांब जायला नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची घरं बघा. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या बारा फोटोंसाठी याहून चांगली मांडणी नाही. दिवाळी अंकाचं अनुक्रमणिकेचं पान, लग्नपत्रिका, मुलांनी शाळेत काढलेलं हस्तलिखित, सगळीकडं चौकटी आहेत. सर्वांत उत्तम नमुना मात्र शाळेच्या ग्रुप फोटोचा. पुठ्ठ्यावर मधोमध छायाचित्र, वर शाळेचं नाव आणि साल, खाली ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून’ अशी ओळीनं नावं. साठ वर्षांनीसुद्धा त्या फोटोतलं एकही माणूस अनोळखी होत नाही. त्याच मुलाच्या लग्नातल्या फोटोत मात्र पंचवीस माणसं असतात आणि नाव एकाचंही नसतं.

आराखडा ठरला की जुन्या वर्तमानपत्राचे फोटोच्या मापाचे तुकडे कापा आणि ते पानावर मांडून बघा. एक रात्र तसंच राहू द्या. सकाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवा. मगच पेन्सिलीनं कोपऱ्यांच्या खुणा करा.

रिकामी चौकट

आराखड्याचा खरा उपयोग पान सुबक दिसण्याहून मोठा आहे. आराखडा काढला की काय नाही, ते दिसतं. समजा, आजोबांच्या पिढीचं पान आखलं. आजोबा, आजी, थोरले भाऊ, धाकटे भाऊ, बहीण अशा पाच चौकटी. फोटो मिळाले तीनच. हातात डिंक घेऊन बसला असता, तर ते तीन फोटो ऐसपैस लावून पान पुरं झालं असतं आणि बहिणीची आठवणही झाली नसती. आता मात्र तिची चौकट रिकामी दिसते. मग प्रश्न निघतो, तिचा फोटो कुणाकडं असेल? फोन होतात. कुणीतरी सांगतं, तिच्या सासरी कुडाळला असेल. नसला तर निदान तिचं नाव, माहेरचं आणि सासरचं, त्या चौकटीत लिहिता येतं.

बायकांच्या बाबतीत हे फार लागतं. जुन्या फोटोमागं काही लिहिलंच असेल, तर नवऱ्याचं नाव आणि आधी ‘सौ.’ एवढंच असतं. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं गाव पाण्याखाली गेलेलं, आणि जिला ते सगळं ठाऊक आहे ती जाऊ किंवा नणंद आज पंच्याऐंशीच्या पुढं. ती असेतोवर विचारलं तर ती बोट ठेवून सांगेल, ‘ही माझी थोरली जाऊ, हिनंच मला दळण शिकवलं.’ ती गेल्यावर तोच फोटो ‘कुणीतरी पाहुणे’ होतो.

काही चौकटी कायम रिकाम्याच राहणार. बुडालेल्या गावांतल्या बहुतेक घरांचे फोटो कुणी काढलेच नव्हते. त्या काळी कॅमेरा गावात यायचा तो लग्नाला, आणि माणसं उभी राहायची ती पडद्यापुढं. घर, अंगण, पाणवठा यांचा फोटो काढायचा असतो हे कुणाच्या मनातही नव्हतं. अशा वेळी चौकट पानभर मोठी करा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढं कोरा कागद ठेवा. नदी कुठून यायची? देऊळ कोणत्या हाताला? आपलं घर, त्याच्या मागं कुणाचं? खळं कुठं होतं, होळी कुठं पेटायची? त्यांना नकाशा काढता येत नसेल, तर नातवानं काढावा आणि त्यांनी चुका सांगाव्यात. चुका सांगताना माणसं जास्त बोलतात, हा अनुभवाचा भाग आहे. हा नकाशा जमिनीच्या मोजणीला उपयोगी पडणार नाही. पण ज्या गावाला आता परत जाता येत नाही, त्याचं घरातलं एकमेव चित्र ते असेल.

आराखड्यानं आणखी एक अवघड गोष्ट समोर येते. कुणाला वगळायचं? जमिनीच्या वादात दुरावलेले चुलते, नांदायला न गेलेली आत्या, घरच्यांना न विचारता लग्न केलेला भाऊ. जुन्या अल्बमांत असे चेहरे कात्रीनं कापलेले सापडतात. एका बाजूला अर्धा खांदा आणि कुणाच्या तरी हातातली बांगडी तेवढी उरलेली असते. चिकटवही करणाऱ्यानं न्यायाधीश व्हायचं कारण नाही. चौकट ठेवावी, नाव लिहावं, पुढं जावं. भांडण दोन पिढ्यांत मिटतं, कापलेला फोटो मात्र जुळत नाही.

मूळ फोटो जपा

आता थोडं काळजीचं. मूळ फोटोला डिंक, खळ किंवा चिकटपट्टी लावू नका. खळीला कसर आणि झुरळं लागतात, आणि जावळीच्या पावसाळ्यात बुरशीही. फोटोची प्रत काढून घ्या आणि वहीत ती लावा. मूळ फोटो लावायचाच असेल, तर काळ्या पानांच्या जुन्या अल्बमात असत तसे कागदी कोपरे वापरा. ते घरीही घडी घालून करता येतात. पारदर्शक कागदाखाली चिकट पट्टे असलेले अल्बम मध्यंतरी घरोघरी आले होते. त्यांतले फोटो पट्ट्यापट्ट्यांनी पिवळे पडले आणि आता निघतही नाहीत. निघत नसतील तर ओढाताण करू नका, आहेत तसेच पानासकट त्यांचे फोटो घ्या.

फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतात. मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा होऊन ठिसूळ होतो. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाचं कात्रण कुणी जपलं असेल, तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स काढून ती वहीत लावावी. पत्रं, मनीऑर्डरची कुपनं, २०१३ साली बंद झालेल्या तारेचा एखादा कागद, हे चिकटवण्याऐवजी तीन बाजूंनी बंद केलेल्या कागदी खिशात ठेवावं. आराखड्यात खिशाची चौकट आधीच धरली की झालं. आणि वही बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

मोबाइलमधल्या फोटोंची अडचण उलटी आहे. तिथं कमी काही नाही. एका बारशाचे तीनशे फोटो असतात आणि म्हणूनच ते कुणी बघत नाही. चार चौकटींचा आराखडा समोर ठेवला की तीनशेतले चार निवडावे लागतात. निवडताना घरातले सगळे एका जागी बसतात, हा वरचा फायदा.

कुणी म्हणेल, दुसऱ्यानं आखून दिलेल्या चौकटीत आपल्या आठवणी बसवायच्या म्हणजे सगळं साचेबंद होणार. जात्यावरच्या ओवीचा साचाही ठरलेलाच होता की. त्या साच्यात प्रत्येकीनं आपलं माहेर, आपला भाऊ, आपलं दुःख घातलं आणि कुणाची ओवी कुणाला उसनी वाटली नाही. चौकट उसनी घ्यावी, नावं आपली लिहावीत.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा पिशवीत गणिताची वही, दोन पेन्सिली आणि खोडरबर एवढंच टाका. डिंक इतक्यात नको. पहिल्या दिवशी फक्त एक पान आखा आणि ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढं ठेवा. शक्य असेल तर सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर. दुपारी त्यांना झोप लागते.